खाण्याचा सोडा आणि खुंटलेली वाढ

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट १८४३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला टायनी टिम अनेकांना आठवत असेल. गरीब कारकुनाचा मुलगा. चणीने लहान, हाताशी कुबडी आणि पायांना लोखंडी पट्ट्यांचा आधार. कंजूष स्क्रूजला भविष्य दाखवले जाते, तेव्हा त्या घरातली टिमची जागा रिकामी दिसते. पुढे स्क्रूजचे मन पालटते, तो कुटुंबाच्या पाठीशी उभा राहतो आणि टिम वाचतो.

वाचकाला एवढे पुरते. पण डॉक्टर मंडळींना प्रश्न पडला की, टिमला नेमके झाले होते तरी काय? डोनाल्ड लुईस या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ साली एका बालरोगविषयक नियतकालिकात याचे उत्तर मांडले. ते म्हणाले, हा 'रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस' असावा. मुलाची वाढ खुंटवणारा, हाडे वाकवणारा, अंगातली शक्ती काढून घेणारा, उपचाराविना जीव घेऊ शकणारा, पण त्या काळच्या औषधविक्रेत्याकडे मिळणाऱ्या साध्या क्षारांनीही आटोक्यात येऊ शकणारा हा आजार. म्हणजे स्क्रूजने पैसे दिले, डॉक्टर आला, औषध मिळाले आणि पोर जगले.

२०१२ साली रसेल चेस्नी या दुसऱ्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी वेगळे मत दिले. लंडनच्या धुराने काळवंडलेल्या आकाशातून ऊन फारसे खाली येतच नव्हते, तेव्हा टिमला मुडदूस आणि क्षय असे दोन्ही असावेत, असे त्यांचे म्हणणे.

कल्पनेतल्या मुलाची लघवी काही तपासता येत नाही. त्यामुळे हा वाद सुटणारा नाही. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. वाकलेले पाय आणि खुंटलेली उंची हे एकच चित्र दोन अगदी निराळ्या आजारांत दिसू शकते. एकाला ऊन आणि 'ड' जीवनसत्त्व लागते, दुसऱ्याला क्षार लागतो. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर उपयोग होत नाही. या दुसऱ्या आजाराची ओळख वैद्यकाला कशी पटत गेली, त्याची ही हकिगत.

आधी नावाचा अर्थ पाहू. 'रीनल' म्हणजे मूत्रपिंडाचा, 'ट्यूब्युलर' म्हणजे त्यातल्या सूक्ष्म नलिकांचा आणि 'ॲसिडोसिस' म्हणजे रक्तात आम्लाचा भार वाढणे. डॉक्टर त्याला थोडक्यात 'आरटीए' म्हणतात. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब नलिका जोडलेली असते. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते ती दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे नलिका परत घेतात. त्यात 'बायकार्बोनेट' हा क्षार असतो. आपल्या खाण्याच्या सोड्यात असतो तोच. अन्नाच्या, विशेषतः प्रथिनांच्या पचनातून रोज जे आम्ल तयार होते, त्याला हा क्षार शमवतो.

नलिकेकडे दोन कामे असतात. सुरुवातीच्या भागाने गाळला गेलेला बायकार्बोनेट परत रक्तात घ्यायचा आणि शेवटच्या भागाने उरलेले आम्ल लघवीत ढकलायचे. यातले एखादे काम बिघडले की रक्तातला क्षार घटतो. विशेष असे की, अशा वेळी गाळण्या ठणठणीत असू शकतात. रक्तातला युरिया आणि क्रिएटिनिन आपण 'किडनीची तपासणी' म्हणून करतो, ती सुरुवातीला पूर्ण नॉर्मल येऊ शकते. म्हणून हा आजार इतकी वर्षे डोळ्यांआड राहिला.

रक्तातला क्षार घटल्याने माणूस आजारी पडतो, ही गोष्ट प्रथम दिसली ती कॉलऱ्यात. १८३१ साली इंग्लंडमधील संडरलंडला कॉलऱ्याची साथ आली. विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा अवघ्या बाविशीचा आयरिश डॉक्टर तिथे गेला आणि त्याने रुग्णांचे रक्त तपासले. रक्तातले पाणी, मीठ आणि क्षार कमी झाले आहेत, असे त्याने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ येथे थॉमस लॅटा यांनी मीठ आणि सोडा मिसळलेले पाणी रुग्णांच्या शिरेतून दिले. आजच्या सलाइनची ती सुरुवात. हाच ओशॉनेसी १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोलकात्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि पुढे भारतातले तारायंत्राचे जाळे त्यानेच उभारले.

मात्र क्षार कमी झाला एवढे कळून भागत नाही. तो किती कमी झाला, हे मोजता यावे लागते. त्याला आणखी पाऊणशे वर्षे लागली. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी आम्लता मोजण्याची 'पीएच' ही पट्टी दिली. १९१७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी रक्तातला बायकार्बोनेट मोजण्याचे उपकरण दिले. या दोन साधनांशिवाय आपला आजार सापडणे शक्यच नव्हते.

आता येऊ १९३५ सालात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ रेजिनाल्ड लाइटवूड यांनी दगावलेल्या काही अर्भकांच्या शवविच्छेदनाची नोंद प्रसिद्ध केली. ही बाळे वजन धरत नव्हती, ओकत होती, सुकून गेली होती. त्यांची मूत्रपिंडे कापून पाहिली तेव्हा आत कॅल्शियमचे पांढरे साठे दिसले. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, अमेरिकेत बोस्टन शहरात ॲलन बटलर, जेम्स विल्सन आणि सिडनी फार्बर या तिघांनी तसाच शोध मांडला. त्यांच्याकडे एक गोष्ट अधिक होती, ती म्हणजे रक्ताचे रासायनिक मोजमाप. या बाळांच्या रक्तात क्लोराइड वाढलेले होते आणि बायकार्बोनेट घटलेले. यातले फार्बर पुढे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधोपचारांचे प्रवर्तक म्हणून जगभर प्रसिद्ध झाले.

लंडनच्या या बाळांची कथा इथे संपत नाही. १९५३ सालापर्यंत लाइटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी आणखी बरीच बाळे पाहिली. त्यातली पुष्कळ जण क्षार दिल्यावर सुधारत आणि काही काळाने आजार आपोआप निघूनही जाई. मग चमत्कारिक गोष्ट घडली. पन्नासच्या दशकानंतर हा तात्पुरता प्रकार ब्रिटनमधून जवळजवळ नाहीसा झाला. का? त्या काळी तिथे बाळाला दात येताना एक पूड देण्याची रीत होती. त्या पुडीत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे एक संयुग असे. बाळांचे हातपाय गुलाबी पडणारा 'पिंक डिसीज' हा पाऱ्यामुळे होतो, असे जोसेफ वॉरकनी यांनी १९४८ साली अमेरिकेत मांडले आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यावर या पुड्या ब्रिटनच्या बाजारातून गेल्या. पाऱ्याने नलिकांना इजा होते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून लाइटवूडच्या काही बाळांचा आजार त्या पुडीतून आला असावा, असा संशय अभ्यासकांनी घेतला. दुसऱ्यांनी बोट दाखवले ते त्या काळी बाळांच्या अन्नात सढळ हाताने घातल्या जाणाऱ्या 'ड' जीवनसत्त्वाकडे. शेवटचा निकाल लागलेला नाही. पण बाळाच्या भल्यासाठी दिलेली वस्तू नलिकांना बाधू शकते, हा धडा मात्र कायमचा आहे. १९६३ साली मुदत संपलेल्या टेट्रासायक्लीनच्या गोळ्यांनी नलिकांचा असाच बिघाड झाल्याचे अमेरिकेत नोंदले गेले. तेव्हा कपाटातली जुनी औषधे फेकून द्या, हे सांगणे पोकळ नव्हे.

या आजाराचे कोडे ज्याने खऱ्या अर्थाने उलगडले, तो माणूस म्हणजे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले फुलर ऑलब्राइट. हाडे आणि ग्रंथी यांच्या आजारांचा त्यांच्याइतका जाणकार त्या काळी क्वचितच दुसरा असेल. १९४० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुडदूस, खुजेपणा आणि मूत्रपिंडात साठलेले कॅल्शियम असे तिन्ही असलेल्या एका रुग्णाचा बारकाईने अभ्यास केला. १९४६ साली अशा रुग्णांवर त्यांचा मोठा निबंध आला. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे सांगता येईल. घरात पैसा येईनासा झाला की माणूस काय करतो? दागिने मोडतो. शरीराचेही तसेच. आम्ल शमवायला रक्तातला क्षार पुरेना, की शरीर हाडांतला क्षार मोडायला काढते. त्याच्याबरोबर कॅल्शियम सुटते आणि लघवीतून वाहून जाते. इकडे हाडे मऊ पडतात, तिकडे मूत्रपिंडात खडे आणि साठे होतात. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच.

मग उपाय कोणता? दागिने मोडावे लागू नयेत म्हणून घरात पैसा आणायचा. म्हणजे तोंडाने क्षार द्यायचा. ऑलब्राइट यांच्या हाती एक चांगले औषध होते. अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड शोल यांच्या नावाने ओळखले जाणारे सायट्रिक ॲसिड आणि सोडियम सायट्रेट यांचे द्रावण. आता तुम्ही म्हणाल, आम्ल वाढलेल्या माणसाला आणखी आंबट औषध? गंमत अशी की, सायट्रेट शरीरात गेल्यावर मुख्यतः यकृतात त्याचे बायकार्बोनेट होते. साध्या सोड्याने पोटात गॅस होतो, तो त्रास याने टळतो. शिवाय सायट्रेट लघवीत खडा धरू देत नाही. आजही हे द्रावण आणि पोटॅशियम सायट्रेटचे त्याचे भाऊबंद हेच या आजाराचे मुख्य औषध आहे. त्यासाठी ना महागडे यंत्र लागले, ना मोठा कारखाना.

ऑलब्राइट यांना ऐन उमेदीत, चाळिशीच्या आधीच, पार्किन्सनचा आजार जडला होता. हात थरथरत, बोलणे अडे, तरी रुग्ण तपासणे आणि लिहिणे थांबले नाही. १९५६ साली त्यासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून ते पूर्वस्थितीला आलेच नाहीत. १९६९ साली त्यांचे निधन झाले.

आजाराला आजचे नाव मिळाले ते १९५१ साली, पाइन्स आणि मज या दोघा अमेरिकन डॉक्टरांच्या लेखात. पण नाव मिळाले तरी आजार ओळखायचा कसा, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर दिले ऑलिव्हर राँग या इंग्रज डॉक्टरांनी. आडनाव 'राँग' असले तरी त्यांची तपासणी अचूक होती! १९५९ साली राँग आणि डेव्हिस यांनी एक सोपी युक्ती काढली. रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम या प्रमाणात अमोनियम क्लोराइड द्यायचे. त्याने रक्तात थोडे आम्ल वाढते. निरोगी मूत्रपिंड ते आम्ल लघवीत टाकते आणि काही तासांत लघवीचा पीएच ५.३ च्या खाली जातो. नलिकेचा शेवटचा भाग बिघडलेला असेल तर लघवी तेवढी आम्ल होतच नाही. याच तपासणीतून असेही रुग्ण सापडले की ज्यांचे रक्त अजून नॉर्मल होते, पण नलिका मात्र कमकुवत होती. वारंवार मूतखडे होणाऱ्या काही जणांचे गुपित असे उघडे पडले.

अमोनियम क्लोराइडचा दोष म्हणजे त्याने मळमळते, ओकारी होते. त्यामुळे २००७ साली दोन निराळी औषधे, फ्युरोसेमाइड आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन, वापरून सौम्य तपासणी पुढे आली. ती मांडणाऱ्या लेखकांत स्वतः राँगही होते. तेव्हा त्यांचे वय ८२ वर्षांचे होते. जवळपास अर्धशतकापूर्वी स्वतः आणलेल्या तपासणीला त्यांनी स्वतःच पर्याय दिला. २०१२ साली ते गेले.

एव्हाना एक अडचण डॉक्टरांना जाणवू लागली होती. काही मुले या तपासणीत पास होत, तरीही त्यांच्या रक्तातला क्षार कमीच राही. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये काम करणारे स्पॅनिश डॉक्टर हुआन रॉड्रिगेझ सोरियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा खुलासा केला. या मुलांत नलिकेचा शेवट नव्हे, तर सुरुवात बिघडलेली होती. टाकीला खालच्या बाजूला भोक असावे तसा हा प्रकार. पाणी भोकाच्या वर असेपर्यंत गळते, भोकापर्यंत उतरले की गळती थांबते. रक्तातला बायकार्बोनेट एका ठरावीक पातळीखाली आला की गळती थांबते आणि मग लघवी पुरेशी आम्लही होते. म्हणूनच तपासणीत ही मुले पास होत. अशा मुलांना औषधही बरेच जास्त लागते, कारण जितके घालावे तितके गळत राहते. शेवटच्या भागाच्या बिघाडाला पहिला प्रकार आणि सुरुवातीच्या भागाच्या बिघाडाला दुसरा प्रकार अशी नावे रूढ झाली. सत्तरच्या दशकात आणखी एक प्रकार वेगळा ओळखला गेला. त्याला चौथा म्हणतात. तो बहुधा मोठ्यांत, विशेषतः जुना मधुमेह असणाऱ्यांत दिसतो आणि त्यात रक्तातले पोटॅशियम वाढते. पहिल्या दोहोंत मात्र पोटॅशियम घटते, इतके की कधी कधी रुग्ण सकाळी उठायला जातो आणि हातपाय हलतच नाहीत. तिसरा प्रकार फार दुर्मिळ. पहिल्या दोहोंचे मिश्रण असलेल्या या प्रकारामागे एका विकराची म्हणजे एन्झाइमची उणीव असते, असे अमेरिकेतील विल्यम स्लाय यांनी १९८३ साली दाखवले.

आता या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. औषध ठाऊक होते, आजार ठाऊक होता, तरी कित्येक मुले खुजीच राहत. मूत्रपिंडाचा आजार म्हटल्यावर उंची वाढणार नाही, असे गृहीत धरले जाई. सॅन फ्रान्सिस्कोच्या एलिसाबेथ मॅकशेरी आणि कर्टिस मॉरिस यांनी १९७८ साली या समजुतीला धक्का दिला. पहिल्या प्रकारच्या दहा मुलांना त्यांनी क्षार दिला, पण ठरावीक मात्रेत नव्हे. रक्त पुन्हा पुन्हा तपासून, प्रत्येकाला जेवढे लागेल तेवढे आणि न थांबता. लहान मुलांना वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त औषध लागते, हे त्यातून स्पष्ट झाले. या दहांपैकी सहा मुले उपचाराआधी खुजी होती. क्षार पुरेसा मिळू लागल्यावर वाढीचा वेग दुपटी-तिपटीने वाढला आणि सगळी मुले वयाप्रमाणे नॉर्मल उंचीला पोहोचली. म्हणजे एवढी वर्षे कमी पडत होती ती औषधाची मात्रा आणि सातत्य.

पुढचा भाग जनुकांचा. १९९७ सालापासून या आजाराची जनुके एकेक करून सापडत गेली. १९९९ साली फिओना कॅरेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलेले एक जनुक नलिकेतला आम्लाचा पंप घडवते. तोच पंप आतल्या कानातही असतो. त्यामुळे काही मुलांत आम्लाच्या या आजाराबरोबर बहिरेपणही येते. क्षाराने हाडे सुधारतात, ऐकू येणे मात्र परत येत नाही, म्हणून अशा मुलांचे कान लवकर तपासावे लागतात. यातले काही प्रकार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतात. नात्यात लग्न झाल्यास अशी शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक समाजांत आहे, तेव्हा हा मुद्दा आपल्यासाठी परका नाही.

आपल्याकडे पाय वाकलेले मूल दिसले की पहिले नाव येते ते मुडदुसाचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असते. 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिले की मूल सुधारते. पण पुरेसा डोस देऊन, पुरेसा काळ थांबून, एक्स-रेत सुधारणा दिसली नाही, तर तेच इंजेक्शन पुन्हा पुन्हा देत राहणे धोक्याचे आहे. आरटीए असेल तर मूत्रपिंडात आधीच कॅल्शियम साठत असते. त्यात जादा 'ड' जीवनसत्त्वाची भर नको. अशा वेळी डॉक्टरांना विचारावे: रक्तातले बायकार्बोनेट, क्लोराइड आणि पोटॅशियम पाहिले का? ताज्या लघवीचा पीएच पाहिला का? मूत्रपिंडांची सोनोग्राफी करायची का? मूल सतत पाणी मागते, वारंवार लघवीला जाते, ओकते, वजन धरत नाही, उंची वाढत नाही, एवढे सांगितले तरी जाणकार डॉक्टरांना दिशा मिळते. मोठ्या माणसाला वारंवार मूतखडे होत असतील किंवा पोटॅशियम पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर हेच प्रश्न विचारायला हवेत.

मात्र खाण्याचा सोडा स्वस्त आहे म्हणून घरच्या घरी तो सुरू करू नये. कोणता प्रकार आहे, पोटॅशियम घटले आहे की वाढले आहे, यावर औषध ठरते. चौथ्या प्रकारात पोटॅशियम सायट्रेट दिले तर जिवावर बेतू शकते. लिंबूसरबतही औषधाची जागा घेत नाही.

निदान झाल्यावरचा खरा कस औषध चालू ठेवण्यात लागतो. जन्मजात प्रकारात ते बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते, दिवसातून तीन-चार वेळा, आणि चव काही चांगली नसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जन्मजात पहिल्या प्रकारच्या ३४० रुग्णांची माहिती गोळा केली होती. जवळपास निम्म्यांमध्येच आजार पुरेसा आटोक्यात होता आणि ज्यांचा आटोक्यात होता, त्यांची उंची आणि मूत्रपिंडे अधिक चांगली राहिली होती. दिवसातून दोनदाच घ्यायचे, हळूहळू विरघळणारे औषध युरोपीय संघात २०२१ साली मंजूर झाले. सगळीकडे ते मिळेलच असे नाही. पण शोल यांचे जुने द्रावण वेळेवर आणि पुरेसे घेतले तर तेही चोख काम करते.

ज्या घरात असे मूल आहे, तिथे शाळेच्या दप्तरात दुपारचा डोस ठेवणे, प्रवासाला निघताना बाटली विसरू न देणे, तीन-चार महिन्यांनी रक्त तपासणे आणि भिंतीवर उंचीची खूण करणे, एवढे सांभाळले पाहिजे. खूण वर सरकत नसेल तर मुलाच्या नशिबाला किंवा घराण्याच्या बांध्याला बोल लावू नये. डॉक्टरांकडे जाऊन मात्रा पुरते आहे का, हे आधी पाहावे.